गरजेचा अपेक्षित कालावधी

आक्षेप नोंदवायला तीस दिवसांची मुदत होती. उद्धव गोतमारे यांनी तो नोटीस आली त्याच दिवशी, दुपारचं ताट बाजूला सारून नोंदवला.

शिक्षक ले-आउटच्या सातव्या गल्लीत तेवीस घरं होती आणि त्यांतल्या बावीस घरांना महापालिकेचा प्रस्ताव पसंत होता. एक ऑक्टोबरपासून गल्लीच्या दोन्ही कडांना कुठलंही वाहन उभं करता येणार नव्हतं. माणूस चढवा-उतरवायला नव्वद सेकंद, त्यापलीकडे मनाई. मोकळ्या झालेल्या कडेनं चालकाशिवाय धावणाऱ्या छोट्या बस जाणार होत्या, दर सहा मिनिटांनी एक. बहुतेकांनी स्वतःच्या गाड्या केव्हाच काढून टाकल्या होत्या. बोलावली की भाड्याची गाडी दारात येते, आपण उतरलो की निघून जाते, मग लोखंडाचा डबा दिवसभर उन्हात कशाला तापवत ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं.

तेविसाव्या घरासमोर गोतमारे सरांची व्हॅन उभी असायची. सर सदुसष्ट वर्षांचे, आयटीआयमधून निवृत्त झालेले वेल्डिंगचे निदेशक. व्हॅन वीस वर्षं जुनी होती, पण तिच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतः एक लोखंडी चौकट जोडली होती, खाली हातानं फिरवायचा जॅक. त्यांच्या पत्नी रजनीबाई यांची उजवी बाजू तीन वर्षांपूर्वी पक्षाघातानं गेली होती. सर त्यांना चाकाच्या खुर्चीसकट चौकटीवर आणायचे, जॅक फिरवत वर घ्यायचे, खुर्चीचे पट्टे आवळायचे, मानेला उशी द्यायचे. सगळ्याला अकरा मिनिटं लागायची. आठवड्यातून तीनदा असं करून ते त्यांना व्यायामोपचारासाठी न्यायचे. भाड्याच्या गाडीत बसायला निदान दोन पावलं उभं राहता यावं लागतं, आणि रजनीबाईंना ते जमत नव्हतं. मार्चमध्ये दुसरा, हलका झटका आला होता, तरी जूनमध्ये त्या दांड्यांना धरून आठ सेकंद उभ्या राहिल्या होत्या. सरांनी घड्याळ लावून मोजलं होतं आणि म्हटलं होतं, "गुडघा आत वळतोय. पुन्हा."

त्यांची बोलण्याची रीतच तशी होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि रजनीबाईंनी त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकली नव्हती.

आक्षेपाच्या अर्जात 'संबंधित व्यक्ती' या रकान्यात सरांनी रजनीबाईंचं नाव लिहिलं. शेवटी एक चौकोन होता: आक्षेपाची सत्यता तपासण्यासाठी माझ्या व संबंधित व्यक्तीच्या सर्व शासकीय नोंदी पाहण्यास माझी संमती आहे. लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी खूण केली.

कायद्यानं प्रत्येक आक्षेपाचा विचार व्हायलाच हवा होता. पूर्वी तो एखादा अधिकारी करायचा, म्हणजे बहुधा करायचा नाही. आता तो गरजमापक करायचा आणि मन लावून करायचा. ही संगणकप्रणाली काय करते, हे समजायला अवघड नव्हतं. माणसाची गरज किती मोठी आहे, हा एक आकडा. ती किती काळ टिकेल, हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार तागडीच्या एका पारड्यात, आणि बदलामुळे बाकीच्यांचे वाचणारे तास दुसऱ्या पारड्यात. बाबागाडीची गरज दोन वर्षं टिकते, मोडलेल्या पायाची तीन महिने. थकलेल्या, आजारी माणसाची गरज किती टिकेल हे सांगणारी कोष्टकं विमा कंपन्यांकडे शंभर वर्षांपासून होती. पण त्या कोष्टकांत एका वयाची सगळी माणसं एकाच ओळीत बसायची. गरजमापक प्रत्येक माणसाची ओळ वेगळी काढायचा.

उत्तर ऑगस्टच्या वीस तारखेला आलं. आक्षेप फेटाळला होता. नागरिकाला नकाराचं कारण कळण्याचा हक्क आहे, म्हणून सोबत एक परिशिष्ट जोडलं होतं.

गरजेची तीव्रता: अत्युच्च.
गरजेचा अपेक्षित कालावधी: चौदा महिने.
कालावधी संपण्याचे कारण: आयुर्मर्यादा.

सरांनी ते ओट्याजवळ उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्चीवर बसून वाचलं. बाहेरच्या खोलीतून रजनीबाईंनी विचारलं, "काय लिहिलं आहे जी?"

"नाही म्हणतात."

"आणखी?"

"आणखी काय असणार," सर म्हणाले. परिशिष्टाची घडी घालून त्यांनी ती हत्यारांच्या पेटीत, वेल्डिंगच्या काळ्या चष्म्याखाली ठेवली.

बायको चौदा महिन्यांत जाणार, आणि हे आपल्याला गाडी उभी करण्याच्या कागदावरून कळतंय. पहिले दोन दिवस त्यांना राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचाच. पहिल्या गोष्टीपाशी पोचायला त्यांना आठवडा लागला. ते आंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि अंग कोरडं होतं.

त्या संध्याकाळी ते सांबारवडी घेऊन आले. रजनीबाईंनी पुडा उघडून पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आज काय आहे?"

"काही नाही. तुला आवडते ना."

"तुम्हाला कसं माहीत?"

सर बशी आणायला आत गेले.

एक ऑक्टोबरला गल्लीच्या कडांना गाडलेल्या पट्ट्या चालू झाल्या. त्या पट्ट्यांना वरचं वजन कळायचं. वजन नव्वद सेकंदांहून जास्त एका जागी राहिलं की नाक्यावरच्या खोपटातून एक बुटकं, चपटं यंत्र निघायचं, गाडीखाली सरकायचं, चारही चाकं कवेत धरायचं आणि गाडी उचलून सव्वा किलोमीटरवरच्या वाहनतळावर ठेवून यायचं. ते ज्या तऱ्हेनं चिकटायचं त्यावरून लोकांनी त्याला घोरपड नाव दिलं होतं.

तीन तारखेला उपचारांचा दिवस होता. सर वाहनतळावरून व्हॅन घेऊन आले आणि त्यांनी जमेल तेवढी घाई केली. रजनीबाई चौकटीवर आल्या, जॅक निम्मा फिरला, जमिनीपासून दोन फुटांवर खुर्ची होती तेवढ्यात घोरपड आली. ती व्हॅनखाली शिरली, पुढची चाकं तिनं उचलली आणि मागची चौकट तिरपी झाली. खुर्ची कलंडली नाही, कारण सरांनी ती अंगावर घेतली. चौकटीवर माणूस आहे हे यंत्राला कळलं तसं ते थांबलं, पण सुटेना. ते एकसारखं सांगत राहिलं: कृपया वाहन हलवा, कृपया वाहन हलवा. गॅलऱ्यांत माणसं आली. चालकाशिवायची एक बस मागं येऊन थांबली, तिच्या मागं दुसरी. महापालिकेचा माणूस येऊन यंत्र सोडवेपर्यंत पंचवीस मिनिटं रजनीबाई दोन फूट उंचीवर तिरप्या बसून होत्या. त्यांचं लुगडं ओलं झालं आणि त्याचा ओघळ चौकटीवरून खाली रस्त्यावर आला, तो सगळ्यांनी पाहिला.

घरात आल्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही जायचं आता उपचारांना. कधीच नाही."

एरवी सर ओरडले असते. या वेळी ते तिच्यासमोर पाटावर बसले. तेरा महिने राहिलेत, त्यांनी मनात म्हटलं. तेरा महिन्यांसाठी हिला दांड्यांना टांगायचं, गुडघे मोडायचे, घाम काढायचा. कशासाठी?

"नको जाऊ," ते म्हणाले.

"खरंच?"

"खरंच. पुरे झाला तो छळ."

रजनीबाईंनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला. असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही केलं नव्हतं.

मग जे चार महिने गेले, तसे त्या घरात कधी गेले नव्हते. सरांनी स्वयंपाकघरात बुटका ओटा बांधला, म्हणजे रजनीबाईंना खुर्चीत बसून भाजी चिरता यावी. ते त्यांच्या केसांना तेल लावायला शिकले. आधी लोखंड घासल्यासारखं लावायचे, मग हात हलका झाला. दुपारी ते पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, तुला काय वाटतं? रजनीबाईंना पुष्कळ काही वाटत होतं, हे त्यांना पासष्टी उलटल्यावर कळत होतं. बाविसाव्या वर्षी त्या पोस्टाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या होत्या. रुजू होण्याचं पत्र आलं तेव्हा सासूनं ते चुलीत घातलं होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही," रजनीबाई म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या.

दिवाळीत सरांनी अंगणात शेवंतीच्या बारा कुंड्या मांडल्या. रजनीबाई शेजारणीला म्हणाल्या, "माणूस म्हातारपणी सुधारतो, यावर माझा विश्वास नव्हता." सरांनी ते आतून ऐकलं आणि ते तिथंच उभे राहिले.

जानेवारीत त्यांच्या मनानं घेतलं की उरलेल्या दिवसांत तिला बाहेर फिरवावं. तिला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, रामटेकला जायचं होतं. त्यासाठी व्हॅन दारात उभी राहायला हवी होती. ते महापालिकेत गेले.

सुनावणी अधिकारी प्रांजली ताकसांडे तिशीतली होती. तिनं उठून खुर्ची पुढं केली आणि पाणी मागवलं.

"मॅडम, माझं जास्त काही म्हणणं नाही," सर म्हणाले. "तिचे नऊ महिने राहिले. नऊ महिने व्हॅन दारात उभी राहू द्या. त्यानंतर मी स्वतः ती भंगारात देतो, लिहून घ्या."

"कुणाचे नऊ महिने, सर?"

"रजनीचे. माझ्या बायकोचे. तुमच्याच कागदात आहे."

तिनं प्रकरण उघडलं. वाचलं. तिची नजर पानावर वर गेली, पुन्हा खाली आली. तिचा चेहरा बदलला आणि तिनं दाराकडे पाहिलं, ते बंद आहे ना म्हणून.

"सर, काकूंच्या हातात पट्टा आहे का?"

"कसला पट्टा?"

"हा," ती म्हणाली आणि तिनं सरांच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर तो राखाडी पट्टा असायचा. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहायचं संपलं होतं. पट्टा नाडी मोजायचा आणि माणूस जिवंत असल्याचं परस्पर कळवायचा. पण नाडी मोजणारं यंत्र नुसती नाडी आहे की नाही एवढंच पाहत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, झोपेत ते किती सैल पडतं, जिना चढल्यावर नाडी किती वेळानं खाली येते, चाल कितीनं मंदावली, हे सगळं त्यात जमा होत असतं. निरोगी हृदयाच्या ठोक्यांत बारीक बारीक फरक असतात. थकत चाललेलं हृदय घड्याळासारखं एकसारखं होत जातं, माणसाला स्वतःला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी. लाखो माणसांचे पट्टे आणि ती माणसं कधी गेली त्या तारखा, एवढं गरजमापकाला शिकवलं की पुढचं तो सांगू शकायचा.

"काकूंना निवृत्तिवेतन नाही, पट्टा नाही," प्रांजली म्हणाली. "त्यांच्याविषयी त्याच्याकडे अंदाज काढण्याइतकी माहितीच नाही. आणि आक्षेप काय आहे? व्हॅन उभी करण्याचा. व्हॅन चालवतं कोण, सर?"

सर पुढं वाकले.

"म्हणजे ती मरणार नाही?"

"काकूंचं इथं काहीच लिहिलेलं नाही."

सर हसले. खरोखर हसले, मोठ्यानं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. पाच महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. पाणी प्यायले. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"मी गेल्यावर तिचं काय होतं? तेही त्यात असेल."

"सर, ते राहू द्या."

"मला कारण कळण्याचा हक्क आहे."

तिनं वाचून दाखवलं. "चालक उपलब्ध नसल्यास संबंधित व्यक्ती संस्थात्मक निवासात जाईल, असं धरलंय. स्वतः उठबस करता येत नाही म्हणून." मग घाईनं म्हणाली, "सर, हे समजून घ्या. हा आकडा रस्त्यासाठी काढलेला आहे. हजार आक्षेपांची बेरीज केली की ती बरोबर येते. एकेका माणसाचं चुकतं, पुष्कळदा चुकतं. तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

सरांनी तीस वर्षं मुलांना मोजमाप शिकवलं होतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मापपट्टीवर ठेवा, हे त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य असायचं. प्रांजलीचं शेवटचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, पण आत शिरलं नाही.

सरकारी संस्था त्यांनी पाहिली होती. आयटीआयचे शिपाई तुमसरे तिथं होते. एका खोलीत आठ खाटा, प्रत्येक खाटेला कठडा, आणि दुपारी बाराला दिवसाचे कपडे बदलून रात्रीचे घालतात, कारण कामाची पाळी बदलते. बाहेर येऊन त्यांनी जिन्याखालीच मुलीला फोन लावला. ऋतुजा आर्वीला शाळेत शिकवत होती, एकटी राहत होती.

"समजा, आईला तुझ्याकडे ठेवलं तर?"

"बाबा, आई स्वतः उठून संडासला जाऊ शकली असती, तर मी कधीच आणलं असतं तिला. मी सात तास शाळेत असते. तेवढा वेळ तिनं काय करायचं? का, काही झालं का?"

"काही नाही. सहज."

म्हणजे उठबस. एवढ्या एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं. जूनमध्ये ती आठ सेकंद उभी राहिली होती. ऑक्टोबरपासून तिला खुर्चीत बसवून, तेल लावून, लाडानं, त्यांनी ते आठ सेकंदही घालवले होते. आणि हातात नऊ महिने होते.

त्यांनी त्याच आठवड्यात घरातल्या बोळात दोन्ही भिंतींना लोखंडी दांड्या जोडल्या. रजनीबाईंना वाटलं, पुन्हा काहीतरी त्यांच्या सोयीचं चाललंय. काम संपल्यावर सरांनी त्यांना खुर्चीतून उचलून दांड्यांपाशी टेकवलं आणि सोडलं. गुडघा क्षणभरही टिकला नाही. त्या खाली बसल्या, म्हणजे पडल्याच.

"पुन्हा," सर म्हणाले.

"अहो, काय करून राहिले तुम्ही? तुम्हीच म्हणाले ना, पुरे म्हणून."

"पुन्हा."

तिला सांगावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना दिसत होतं. ती त्यांच्या उशाशी बसली असती, त्यांचं तोंड पाहत राहिली असती, आणि उभं राहायचं सोडून दिलं असतं. शिवाय सांगण्याची सवय त्यांना कधी नव्हतीच.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग त्यांनी चाकाची खुर्ची काढून घेतली आणि वाहनतळावर नेऊन व्हॅनमध्ये ठेवली. रजनीबाईंना एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं तर दांडी धरून जावं लागे, नाहीतर फरशीवरून सरपटत. बुटका ओटा त्यांनी फोडून टाकला. जेवणाचं ताट ते उंच ओट्यावर ठेवायचे.

"उठलीस तर जेवशील."

एकदा त्या उठल्या नाहीत. ताट संध्याकाळपर्यंत तिथंच होतं. सर समोर बसून होते, तेही जेवले नाहीत, पण ते रजनीबाईंना दिसलं नाही. त्यांना फक्त घड्याळ हातात घेतलेला माणूस दिसला. एकदा संडासच्या दाराशी पोचायच्या आधीच झालं, आणि सर कोरड्या आवाजात म्हणाले, "अजून लवकर निघायला हवं होतं." त्यांनी तिला उचललं नाही. बादली आणि फडकं तिच्या हाताशी ठेवलं.

"तुमच्या मनात आहे तरी काय?" ओल्या फरशीवर बसून रजनीबाईंनी विचारलं. "दिवाळीत तर..."

"दिवाळी संपली," सर म्हणाले.

शेजारीण एकदा दारात येऊन बोलली, पुन्हा आली नाही. रजनीबाईंनी रडायचं थांबवलं. मार्चमध्ये त्या वीस सेकंद उभ्या राहिल्या. एप्रिलमध्ये चार पायांची काठी टेकत बोळ ओलांडला. त्यांना उभं करत होतं ते पायांतलं बळ नव्हतं. या माणसाचा हात लागू नये, एवढ्यासाठी त्या उठत होत्या. सरांना ते कळत होतं. ते उपयोगी आहे, असं त्यांनी ठरवलं.

मे महिन्यात एका दुपारी रजनीबाई स्वतःच चालत फोनपाशी गेल्या आणि सरांच्या देखत त्यांनी मुलीला सांगितलं, "मला इथून घेऊन जा. मी उठते, बसते, माझं मी करते. तुला त्रास देणार नाही. पण याच्याजवळ मला ठेवू नको."

ऋतुजा जूनच्या पहिल्या रविवारी आली. ती बापाशी बोलली नाही. भाड्याची गाडी फाटकासमोर थांबली. रजनीबाई उंबऱ्यापासून काठी टेकत निघाल्या, फाटकातून बाहेर पडल्या, गाडीच्या दाराला धरून वळल्या आणि आत बसल्या. सर पिशवी घेऊन मागं उभे होते. ऋतुजानं पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

"अडतीस वर्षं तुमचा स्वभाव सोसला," रजनीबाई काचेतून म्हणाल्या. "पण गुरालाही कुणी असं उपाशी ठेवत नाही. माझ्या मागं येऊ नका."

गाडी वेळेत निघाली. घोरपड खोपटातून बाहेरही आली नाही.

सर घरात आले आणि त्यांनी दांड्या काढून ठेवल्या. झालं होतं. चार महिने शिल्लक ठेवून झालं होतं. त्यांनी व्हॅन भंगारात दिली. हत्यारं आयटीआयला दिली. घराचे कागद ऋतुजाच्या नावानं पाकिटात घातले. शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला त्यांनी सकाळी आंघोळ केली, इस्तरीचा सदरा घातला आणि दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे कुणाला तोडावं लागू नये. ते आरामखुर्चीत बसून राहिले. बाहेरून दर सहा मिनिटांनी बस जात होती. दुपारी भूक लागली तेव्हा त्यांनी भात लावला. एकवीस तारीख आली. मग नोव्हेंबर आला. मनगटावरचा दिवा हिरवा झाला, याचा अर्थ हयातीचा दाखला पोचला होता.

डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय तुमचं. पण चालतंय."

"किती दिवस?"

"ते कोण सांगणार, गोतमारे सर? दोन महिने चालेल, दहा वर्षंही चालेल."

दुसऱ्या दिवशी सर एसटीनं आर्वीला गेले. ऋतुजा शाळेत होती. दार रजनीबाईंनी उघडलं. त्यांनी काठी घेतली नव्हती, भिंतीला हात होता. सरांना पाहून त्यांनी दार लावलं नाही, पण बाजूलाही झाल्या नाहीत. मग काय वाटलं कोण जाणे, मागं सरकल्या.

सरांनी सगळं सांगितलं. परिशिष्ट बरोबर आणलं होतं, ते पुढं ठेवलं. ऑगस्टमध्ये काय समजलो, जानेवारीत काय कळलं, संस्थेतल्या आठ खाटा, ऋतुजाचा फोन. आयुष्यात ते सलग इतकं कधी बोलले नव्हते. रजनीबाईंनी कागद वाचला, घडी केली, पुन्हा उघडला.

"म्हणजे तेल लावलंत ते," त्या म्हणाल्या. "सांबारवडी आणली, पेपर वाचून दाखवला, काय वाटतं म्हणून विचारलं. ते मी मरणार म्हणून."

सरांनी मान हलवली.

"आणि मी जगणार आहे हे कळल्यावर ताट उंचावर ठेवलं."

"तुला उभं करायला, रजनी. दुसरा मार्ग नव्हता."

"होता. सांगायचं. दोन्ही वेळेला माझंच आयुष्य होतं, आणि दोन्ही वेळेला मलाच सांगितलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी इथं आल्यापासून रोज काय आठवते माहीत आहे? ते चार महिने. म्हणायची, मूळ माणूस तोच असेल, मग मध्ये काहीतरी डोक्यात बिघडलं असेल, आजार असेल. मागच्याच आठवड्यात ऋतूला म्हटलं, जाऊन यावं का एकदा, राहावं का थोडे दिवस."

"मग चल," सर म्हणाले.

"आता कशाला?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेचारची एसटी आहे. ती चुकली तर सातपर्यंत बसावं लागेल स्टँडवर."

सर उठले. रजनीबाईही उठल्या, खुर्चीच्या हातावर जोर देऊन, एका दमात, आणि त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत आल्या. सरांची नजर सवयीनं खाली गेली. बाहेर पाऊल टाकून ते वळले.

"गुडघा अजून आत वळतोय," ते म्हणाले.

"वळू दे," रजनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.